खेळाचा हिशोब : पोरींच्या बास्केटबॉलमध्ये पैसा हाय का नाही?

या वेळी आलेल्या पत्रांत अन् व्हॉट्सॲपवर निम्मे प्रश्न बास्केटबॉलचेच निघाले, अन् तेबी पोरींच्या. मोबाईलवर अमेरिकेतल्या केटलिन क्लार्क या खेळाडूचे लांबून मारलेले थ्री-पॉइंटर फिरायलेत त्याचा हा परिणाम असणार. सगळी पत्रं घेता येणार नाहीत, चार घेतलीत.

परभणीहून एक कॉलेजचा विद्यार्थी : सर, वर्गातल्या पोरींसोबत लई वाद झाला. अमेरिकेतली पोरींची बास्केटबॉल लीग, डब्ल्यूएनबीए, 1997 पासून चालू हाय अन् तोट्यातच हाय असं सगळेच म्हणतेत. तरी 2025 च्या ऑल-स्टार मॅचला खेळाडू "आमचं जे देणं लागता ते द्या" असं छापलेले टीशर्ट घालून वॉर्मअपला आल्या. तोट्यातल्या दुकानात पगारवाढ कोण मागतं?

मित्रा, तुझा प्रश्न वाकडा नाही, पण "तोटा" हे कुणाच्या वहीत लिहिलंय ते आधी बघावं लागतं. 2018 ला एनबीएचे, म्हणजे तिथल्या पुरुषांच्या लीगचे, कमिशनर ॲडम सिल्व्हर यांनीच सांगितलं होतं की पोरींची लीग वर्षाला सरासरी एक कोटी डॉलरच्या वर तोटा करते. खरं असंल. पण लीगची मालकी कशी हाय बघ, 42 टक्के एनबीएची, 42 टक्के महिला टीमच्या मालकांची, अन् उरलेले 16 टक्के 2022 ला साडेसात कोटी डॉलर टाकणाऱ्या गुंतवणूकदारांचे. त्यात टीव्हीचे हक्क एनबीएच्या हक्कांसोबतच विकले गेले. 2024 ला डिस्ने, अ‍ॅमेझॉन अन् एनबीसीसोबत 11 वर्षांचा करार झाला, त्यात महिला लीगच्या नावानं 220 कोटी डॉलर लागले, म्हणजे वर्षाला 20 कोटी. आधी जे मिळायचं त्याच्या कितीतरी पट हाय, तरी खेळाडूंची तक्रार अशी की आमचा भाव बाजारात वेगळा काढलाच नाही. थोरल्या भावानं दोघांचं सोयाबीन एकाच गाडीत घालून मोंढ्यात नेलं, पट्टी एकच निघाली, अन् धाकट्याच्या वाट्याचे किती ते थोरल्यानंच घरी येऊन सांगितलं, असं झालंय ते. थोरला लबाड हाय असं मी म्हणत नाही, पण धाकट्यानं पट्टी दाखव म्हणलं तर त्यात चूक काय?

अन् पोरी एनबीएच्या लेब्रॉन जेम्सएवढा पगार मागत होत्या असं जे कमेंटमध्ये फिरतं ते साफ चूक हाय. मागणी वाट्याची होती. पुरुषांच्या लीगमध्ये कमाईतला साधारण निम्मा हिस्सा खेळाडूंना जातो, पोरींचा हिस्सा त्याच्या जवळपासबी नव्हता. 2025 च्या सीझनला सगळ्यात कमी पगार 66,079 डॉलर अन् सगळ्यात जास्त 2,49,244 डॉलर. आपल्या रुपयांत केलं की 57 लाख अन् दोन कोटींच्या वर, ऐकून आपले डोळे फिरतेत, पण तिथल्या घरभाड्याच्या हिशोबात खालच्या खेळाडूचा पगार म्हणजे एखाद्या बऱ्या नोकरीचा पगार, अन् करिअर किती वर्षांचं, तर गुडघा साथ देईल तेवढ्या वर्षांचं.

म्हणून तर वर्षानुवर्षं तिथल्या मोठमोठ्या खेळाडू सीझन संपला की रशिया, तुर्की, चीनला जाऊन खेळायच्या. डायना टॉरासी, या खेळातलं सगळ्यात मोठं नाव, 2015 ला अख्खा डब्ल्यूएनबीएचा सीझन तिनं सोडला कारण रशियातला क्लब तिला आराम करायचे पैसे द्यायला तयार होता, अन् ते पैसे घरच्या पगारापेक्षा कितीतरी जास्त होते. तिथलीच दुसरी मोठी खेळाडू ब्रिटनी ग्राइनर 2022 ला रशियात पकडली गेली तेव्हा ती तिकडं फिरायला गेली नव्हती, कामाला गेली होती.

आता तुझ्या बाजूचंबी बोलतो, कारण पोरी म्हणतेत तेवढं सगळं गोडबी नाही. चांगला खेळ असला की लीग टिकते हे खोटं हाय. ह्यूस्टन कॉमेट्सनं 1997 ते 2000 पहिल्या चारही ट्रॉफ्या जिंकल्या अन् 2008 ला टीम बंद पडली, कारण घ्यायला मालकच भेटेना. डब्ल्यूएनबीएच्याबी आधी, 1996 ला, एबीएल नावाची दुसरी महिला लीग सुरू झाली होती, ती पगार जास्त द्यायची, बास्केटबॉलच्या खऱ्या सीझनमध्ये म्हणजे हिवाळ्यात खेळायची, तरी डिसेंबर 1998 ला सीझन चालू असताना मधातच कुलूप लागलं. डब्ल्यूएनबीए का टिकली, तर उन्हाळ्यात पुरुषांची स्टेडियमं रिकामी असायची अन् मागं तोटा सोसणारा पैशावाला उभा होता. एवढं साधं हाय ते.

अन् आत्ताची जी लाट हाय ती बरीचशी एका पोरीवर उभी राहिली. इंडियाना फीव्हरच्या घरच्या मॅचला 2023 ला सरासरी चार हजार माणूस यायचं, क्लार्क आली अन् 2024 ला ते सतरा हजार झालं. 2025 ला ती दुखापतीमुळं फक्त 13 मॅच खेळली अन् टीव्हीवाल्यांचे चेहरे उतरले. एका मांडीच्या स्नायूवर लीगचं बजेट हलतं याला धंदा पक्का झाला असं मी तरी म्हणणार नाही.

पण पैसेवाले काय करायलेत तेबी बघ. गोल्डन स्टेट व्हल्किरीज ही टीम 2025 ला उतरली, तिची एंट्री फी पाच कोटी डॉलर होती. त्याच वर्षी क्लीव्हलँड, डेट्रॉइट अन् फिलाडेल्फियाला टीम दिल्या, प्रत्येकी 25 कोटी डॉलरला, अन् या टीम खेळणार कधी तर 2028, 2029 अन् 2030 ला. याचा अर्थ आज नफा हाय असा नाही, उद्या टीमची किंमत वाढंल यावर लावलेला डाव हाय. खेळाडूंनीबी मग स्वतःचा डाव टाकला, नफीसा कॉलियर अन् ब्रियाना स्टुअर्ट यांनी जानेवारी 2025 ला मायामीत अनरायव्हल्ड नावाची तीन-तीन खेळाडूंची लीग काढली, सरासरी पगार दोन लाख डॉलरच्या वर अन् वरून खेळाडूंना मालकीत वाटा. तर तुझ्या वर्गातल्या पोरींना सांग की टीशर्टमागचा हिशोब बरोबर हाय, पण लीगचा पाया अजून ओला हाय. पोरी भांडतील, भांडू दे.

नांदेड जिल्ह्यातून एक क्रीडा शिक्षक : क्रिकेटची डब्ल्यूपीएल एवढी जोरात चालली, मग आपल्याकडं महिला बास्केटबॉलची लीग कामून निघत नाही? खेळाडू तर आहेत.

सर, खेळाडू आहेत, विकत घेणारा नाही. डब्ल्यूपीएलचा आकडा बघा, 2023 ला पाच टीम मिळून 4,669.99 कोटींना गेल्या, टीव्हीचे हक्क पाच वर्षांचे 951 कोटी, अन् हे सगळं एकबी बॉल पडायच्या आधी. कारण मागं बीसीसीआय होती अन् आयपीएलचा 15 वर्षांचा धंदा डोळ्यासमोर होता. बास्केटबॉलमागं तसं कोण हाय? पुरुषांची यूबीए लीग 2015 ला आली, काही सीझन चालली अन् गेली, पुरुषांचीच नाही टिकली तर पोरींसाठी कोण पुढं येणार. बरं कबड्डीचं घ्या, कबड्डी तर आपल्या मातीतली, प्रो कबड्डी 2014 पासून घराघरात, 2016 ला त्याच्यासोबत तीन टीमचं महिला कबड्डी चॅलेंज घेतलं, अन् पुढच्या सीझनला कुणी नावबी काढलं नाही. लोकांनी बघितलं नाही म्हणावं तर एका सीझनमध्ये लोकांना खेळाडूंची नावं तरी पाठ होतेत का? अमेरिकेत 27 वर्षं तोटा सोसून क्लार्क आली, आपल्याकडं एका वर्षात हिशोब मागतेत. माझा खरा राग तिथं हाय.

माझ्या मते लीगचं नाव घ्यायच्या आधी एक काम करायला पाहिजे. आपल्याकडं महिलांचं बास्केटबॉल नोकरी देणाऱ्या संस्थांवर जगतं, भारतीय रेल्वे, केरळचं वीज मंडळ, असे. सीनियर नॅशनलला रेल्वेच्या पोरींना हरवणं म्हणजे मोठी बातमी असती. या टीमांना वर्षातून ठराविक स्पर्धा भेटतेत, मध्ये नुसती प्रॅक्टिस. त्यांच्यातच तुमच्या गावी-आमच्या गावी अशा मॅच लावा, शनिवारी संध्याकाळी ठरल्या वेळेला, मोबाईलवर फुकट दाखवा, चार-पाच वर्षं पैसे येणार नाहीत हे धरूनच चला. ग्लॅमर शून्य, पण तेच लोक त्याच वेळेला दिसले की माणूस ओळखायला लागतो.

अन् कोर्टाचं तर तुम्हीच मला सांगाल सर. आपल्याकडच्या शाळेतलं सिमेंटचं कोर्ट, एप्रिलमध्ये सकाळी नऊलाच पाय टेकवंना, रिंगला जाळी नाही, बोर्ड एका बाजूला कललेला, रबरी बॉल गुळगुळीत होऊन हातातून निसटायला लागलेला, अन् त्याच कोर्टावर 26 जानेवारीचा मंडप ठोकायला पाडलेली भोकं. पोरगी तिथं ड्रिबल शिकती अन् मग विभागीयला लाकडी कोर्टावर गेली की बॉल तिच्या अंदाजापेक्षा वर उसळतो, पहिला हाफ त्यातच जातो. पत्र्याचं का असंना, शेड अन् नीट कोर्ट जिल्ह्याला एक झालं तरी मी लीगचं नाव काढणार नाही.

लातूरहून एक आई : माझी मुलगी नववीत आहे, शाळेच्या टीमकडून विभागीयपर्यंत खेळली. तिच्या पप्पांचं म्हणणं आता खेळ बंद, नीटचा फाउंडेशन क्लास लावायचा. ती म्हणती बास्केटबॉलच करायचं. भाऊ, यात पोट भरंल का?

ताई, लातूरमध्ये राहून हा प्रश्न विचारणं म्हणजे धाडसच हाय, आधी त्याबद्दल तुमचं कौतुक. सरळ सांगतो, लीगच्या भरवशावर पोट भरायचं स्वप्न दाखवू नका. गीतू अॅना जोस, आपल्या देशातली या खेळातली सगळ्यात मोठी खेळाडू, सहा फूट दोन इंच उंची, 2006 ला ऑस्ट्रेलियात क्लबकडून खेळली, 2011 ला डब्ल्यूएनबीएच्या तीन टीमांनी तिला ट्रायलला बोलावलं. निवड झाली नाही. अन् तिचाबी पगार कुठून यायचा, तर सदर्न रेल्वेच्या नोकरीतून.

तर भारतात रस्ता नोकरीचा हाय, अन् तो अरुंद हाय पण खरा हाय. रेल्वेत स्पोर्ट्स कोट्यातून भरती निघते, रेकॉर्ड बघतेत अन् ट्रायल घेतेत. महाराष्ट्र सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण हाय. दहावीला खेळाचे वाढीव गुणबी भेटतेत, पप्पांना हे आधी सांगा, लगेच नरमतील. पण नुसतं विभागीयचं सर्टिफिकेट घेऊन या दारात उभं राहता येत नाही, राज्य अन् नॅशनल लागतं. सर्टिफिकेट आलं की त्याची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडं होती, ते ऑफिस तुमच्या लातूरलाच हाय. आपल्या भागात बोगस सर्टिफिकेटची प्रकरणं एवढी गाजलीत की खऱ्या लेकराचे कागदबी आता बारीक नजरेनं बघतेत, म्हणून प्रत्येक स्पर्धेचा कागद, टीमची यादी, फोटो, सगळं आत्तापासून एका फाईलला लावा. "एवढे पैसे द्या, नॅशनलचं सर्टिफिकेट देतो" म्हणणारा कुणी भेटला तर दारातूनच परत पाठवा.

क्लासचं म्हणाल तर नववीत खेळ तोडायची घाई कशाला? शालेय स्पर्धेत 17 वर्षांखालचा गट हाय, फेडरेशनच्या वयोगटाच्या नॅशनल हायेत, दहावी संपेपर्यंत ती राज्याच्या टीममध्ये येती का नाही हे कळून जाईल. आली तर अकरावीला तिला नीटच्या बॅचमध्ये कोंबू नका, पहाटेपासून रात्रीपर्यंत क्लास अन् अभ्यासिका करून कुणाच्याच पायात जोर राहत नाही, दोन्ही हातचं जाईल. नाही आली तर क्लास कुठं पळून चाललेत, लातूरमध्ये ते बारा महिने भेटतेत. मधला रस्ताबी हाय, फिजिओथेरपी, बी.पी.एड., पतियाळाच्या एनआयएस या सरकारी क्रीडा संस्थेचा कोचिंग डिप्लोमा, अन् रेफरीची परीक्षा. बाई रेफरी तर शोधून सापडत नाहीत सध्या.

अमेरिकेत कॉलेज स्कॉलरशिप हा अजून एक दरवाजा हाय, बेंगळुरूची संजना रमेश तशी नॉर्दर्न ॲरिझोना युनिव्हर्सिटीत खेळली. तिकडं 1972 च्या टायटल नाइन कायद्यामुळं कॉलेजांना पोरींच्या खेळावरबी खर्च करावा लागतो, म्हणून ही जागा तयार झाली. पण त्याला इंग्रजी, मार्क अन् मॅचचे नीट शूट केलेले व्हिडिओ तिन्ही लागतेत. व्हिडिओ आजपासून काढा, मोबाईल तर हातात हायच. एजंटला मात्र आधी पैसे देऊ नका.

बीडहून एक खेळाडू : माझी उंची पाच फूट दोन इंच हाय. कोच म्हणतात बास्केटबॉल सोड, खो-खो खेळ. काय करू?

बाळा, टेमेका जॉन्सन पाच फूट तीन इंच होती अन् 2005 ला डब्ल्यूएनबीएची रुकी ऑफ द इयर, म्हणजे नव्या खेळाडूंत सगळ्यात भारी, ठरली. शॅनन बॉबिट तर तुझ्याएवढीच, पाच फूट दोन, तीबी त्या लीगमध्ये खेळली. पण दोघी पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढं नेऊन खेळ चालवणाऱ्या, बॉल हातातून काढून घेणं मुश्किल अशा. तू कोणत्या पोझिशनला खेळतीस ते लिहिलं नाहीस, रिंगखाली उभी राहत असशील तर कोचचं बरोबर हाय. डाव्या हातानं पळत ड्रिबल अन् खाली न बघता पास, हे दोन्ही जमत असंल तर कोचला म्हण की मला दिवाळीपर्यंत गार्डला खेळवून बघा. अन् खो-खोची प्रॅक्टिसबी सोडू नको, त्यातली वळायची चपळाई गार्डला लई कामाला येती.