एकाच गंजीची धूळ, मग बुरशी मोठ्या बाबांनाच कशी?

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: परतीच्या पावसात सोयाबीनची गंजी भिजली. ताडपत्री काढून माल हडंब्यात (मळणीयंत्रात) टाकू लागले, तर आतून काळी-हिरवी भुकटी उडाली. तुम्हाला नि लहान भावाला काहीच झालं नाही. बाबांना रात्री हुडहुडी भरून ताप आला, दोन दिवसांत उतरला. आणि मोठ्या बाबांच्या फुफ्फुसात तीन आठवड्यांनी बुरशी निघाली. त्यांना शुगर आहे, दम्याच्या गोळ्याही कित्येक महिन्यांपासून चालू आहेत.

मी डॉक्टर नाही. तालुक्याच्या लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली बेडके बघण्यात पंचवीस वर्षं गेली, तेवढ्यावर सांगतो.

बुरशी चौघांच्याही छातीत गेली, हे आधी मान्य करा. कुजक्या कुटारात (मळणीच्या भुशात) हमखास सापडते ती अ‍ॅस्परजिलस. तिचा बीजाणू २ ते ३ मायक्रॉनचा. जाड धूळ नाकात, घशात, श्वासनळीच्या चिकट्यात अडकते आणि तिथली बारीक लव ती वर ढकलत राहते. दुसऱ्या दिवशी नाक शिंकरलं की काळं निघतं ते हेच. बीजाणू मात्र या सगळ्यातून निसटून थेट शेवटच्या वायुकोशात उतरू शकतो. बहुतेक बुरश्यांना अंगाची ३७ अंशांची ऊबच सोसत नाही. ही बया उकिरड्याच्या तापलेल्या पोटात वाढणारी, हिला ५० अंशही चालतात.

वायुकोशात जागलीला बसलेल्या असतात मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी. त्यांना शिकवावं लागत नाही, लस लागत नाही, आधीची ओळख लागत नाही. जन्मजात प्रतिकारशक्ती म्हणतात ती हीच. बीजाणू दिसला की गिळायचा आणि पोटातल्या आम्लात जिरवायचा. तुम्ही-आम्ही रोज शेकड्यांनी बीजाणू श्वासातून घेतो, तरी ठणठणीत असतो तो यांच्या जिवावर.

आता यातली मला सर्वात आवडणारी गोष्ट. लॅबमध्ये बुरशीच्या हिरव्या थरावर पाण्याचा थेंब टाकला की तो अळवाच्या पानावरून घरंगळावा तसा घरंगळतो. बीजाणूवर पाणी न धरणारं प्रथिनांचं आवरण असतं आणि ते असेपर्यंत शरीर फारसा आरडाओरडा करत नाही. करून चालणारही नाही, नाहीतर रोजच्या धुळीनंच छाती सुजली असती. पण बीजाणू ओल धरून टरारला, अगदी भिजवलेल्या सोयाबीनसारखा, की वरचं आवरण उसवतं आणि आतलं बीटा-ग्लुकन उघडं पडतं. ही साखरेची साखळी आपल्या शरीरात कुठंच नसते. ती ओळखणारा डेक्टिन-१ नावाचा हात भक्षक पेशींवर असतो. ती हाताला लागली की हाकाटी सुरू. म्हणजे पडून राहिलेल्या बीजाणूला गुपचूप गिळायचं, कोंब फुटू लागलेल्यावर मात्र गाव गोळा करायचं.

गोळा होतात त्या रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी, काही तासांत. कोंबाचा लांब धागा झाला की तो एका पेशीला गिळता येत नाही. मग न्यूट्रोफिल त्याला चिकटून ऑक्सिजनपासून बनवलेली जहाल रसायनं सोडतात, स्वतःच्या डीएनएचं जाळंही फेकतात. काही मुलांमध्ये जन्मतःच ही रसायनं बनत नाहीत. पेशी येतात, पण हत्यार रिकामं. अशा रुग्णांना कुजलेला पालापाचोळा पसरवल्यावर जीवघेणा न्यूमोनिया झाल्याच्या नोंदी आहेत. तुमच्या गंजीचीच गोष्ट म्हणायची.

(अशा संरक्षणाचा मोठा धागा एका माशीत सापडला, बरं का. १९९६ मध्ये फ्रान्समध्ये ‘टोल’ जनुक बिघडलेल्या फळमाश्या याच बुरशीनं मेल्या, अंगभर धागे फुटून. त्या कामाला २०११ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.)

आता मोठे बाबा. दम्याच्या ‘त्या’ गोळ्या बहुधा स्टेरॉइडच्या असाव्यात, पट्टीवरचं नाव बघून घ्या. स्टेरॉइडमध्ये भक्षक पेशी बीजाणू गिळते, पण मारू शकत नाही. तो तिच्या पोटातच कोंब काढतो. वाढलेल्या साखरेनं न्यूट्रोफिलही मंदावतात. जागल्या माळ्यावर आहे, पण झोपलेला. २०२१ मध्ये कोविडनंतर आपल्याकडे काळ्या बुरशीनं जो हाहाकार केला, तिथंही शुगर आणि स्टेरॉइड हीच जोडगोळी होती. बुरशी फक्त दुसऱ्या जातीची.

सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, कागद पाहून फसू नका. स्टेरॉइड चालू असताना न्यूट्रोफिलचा आकडा उलट वाढलेला दिसतो. आकडा वाढला म्हणून काम सुधारत नाही. केमो घेणाऱ्यांचं उलटं, तिथं आकडाच बोलतो: एकूण पांढऱ्या पेशी गुणिले न्यूट्रोफिलचे टक्के, भागिले शंभर. हे ५०० च्या खाली गेलं तर गोठा, उकिरडा, गंजी सगळं बंद.

बाबांचा ताप? तो बहुधा बुरशी वाढल्याचा नव्हताच. एकदम ढीगभर धूळ गेली की हीच राखण जास्त चेकाळते; काही तासांनी थंडी-ताप, एक-दोन दिवसांत खलास. पण दर हंगामात असं होऊ लागलं, चालताना दम लागू लागला, तर तो वेगळा ॲलर्जीचा आजार असू शकतो. तेव्हा छातीच्या डॉक्टरांना दाखवा आणि कुटाराचं आवर्जून सांगा. आपण सांगितलं नाही तर ते विचारतीलच असं नाही.

राहिलेली गंजी काढताना दुपट्टा बांधून भागत नाही, एवढा बारीक बीजाणू कापडातून सहज जातो. एन-९५ मास्क घ्या, नाकाशी घट्ट दाबा, आणि वारा पाठीशी घेऊन उभे राहा. मोठ्या बाबांना खळ्याकडे फिरकू देऊ नका. गोळ्यांची पट्टी मात्र पुढच्या तपासणीला सोबत न्या, आणि हे वाचून त्या मनानं एकदम बंद करू नका. महिनोन्‌महिने घेतलेलं स्टेरॉइड अचानक थांबवलं तर तेही जिवावर बेततं. कमी करायचं ते डॉक्टरच ठरवतील.