कॅटरिना चक्रीवादळाचे न्यू ऑर्लिन्सच्या पर्यावरणावर, समाजावर आणि अर्थकारणावर काय परिणाम झाले?

वाऱ्यापेक्षा पाण्यानं घात केला. २९ ऑगस्ट २००५ ला वादळ आदळलं, कालव्यांच्या पूरभिंती फुटल्या आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग बुडाला. बरंचसं शहर समुद्रसपाटीच्या खाली, त्यामुळे पाणी आपोआप ओसरणं शक्यच नव्हतं. पंपांनी उपसायला कित्येक आठवडे लागले.

माझ्या मते खरी जखम सामाजिक. ज्यांच्याकडे गाडी नव्हती ते मागे अडकले. त्यात गरीब, कृष्णवर्णीय आणि म्हातारी माणसं जास्त. पुढे परतलेल्यांनी सडलेल्या अन्नानं भरलेले फ्रीज न उघडताच चिकटपट्टीनं बांधून रस्त्यावर आणून ठेवले. घरांवर शोधपथकांनी रंगानं फवारलेल्या फुल्या होत्या, खालच्या कोपऱ्यात आत सापडलेल्यांचा आकडा. बरेच जण परतलेच नाहीत: २००० साली ४.८५ लाख असलेली लोकसंख्या २०१० मध्ये ३.४४ लाखांवर आली.

एकूण नुकसान सुमारे १२५ अब्ज डॉलर. मेक्सिकोच्या आखातातलं तेल उत्पादन विस्कळीत झाल्यानं अमेरिकाभर पेट्रोल भडकलं. पर्यावरणाचं म्हणाल, तर लाटांचा जोर मोडणारी किनाऱ्यालगतची पाणथळ जमीनच कॅटरिना आणि पाठोपाठ आलेल्या रीटा चक्रीवादळानं मोठ्या प्रमाणात गिळली, म्हणजे पुढच्या वादळाला वाट आणखी मोकळी.