अदिस अबाबाच्या विमानतळावर उपवासाचं ताट

'परदेशातल्या विमानतळावर लेओव्हर असताना मित्रांबरोबर कधी अगदी अनोळखी पदार्थ खाल्ला आहे का? शाकाहारी माणसाला ते जमेल का?' असं तुम्ही विचारलंय. हो, खाल्लाय. आणि आमच्यात एक पक्की शाकाहारी मैत्रीण होती.

आम्ही तिघं किलिमांजारोच्या ट्रेकला निघालो होतो. मुंबईहून अदिस अबाबा, तिथे पाच तास थांबून पुढचं विमान. कडकडून भूक लागलेली. समोर पिझ्झा दिसत होता, पण इथिओपियात उतरून पिझ्झा खाणं काही मनाला पटेना.

काउंटरवर 'मांस नको, अंडं नको' असं सांगायला लागलो तर तिथल्या ताईंनीच विचारलं, "त्सोम?" त्सोम म्हणजे उपवास. तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक दर बुधवारी-शुक्रवारी आणि ईस्टरच्या आधी सलग 55 दिवस मांस, अंडी, दूध, लोणी काहीही खात नाहीत. त्यामुळे उपवासाचं ताट तिथे सर्रास मिळतं. आपल्या उपवासाला डाळ चालत नाही, त्यांच्या उपवासाला मात्र डाळीच डाळी. शाकाहारी असाल तर त्सोम एवढा शब्द पाठ करून जाच.

तिघांत मिळून एकच मोठं गोल ताट आलं. तळाला ताटभर पसरलेली इंजेरा नावाची तपकिरी पोळी, तिच्यावर तिखट लाल मसूर, हळद घातलेली पिवळी डाळ, पालेभाजी, कोबी-बटाटा असे छोटे छोटे ढीग. इंजेरा टेफ नावाच्या धान्याची करतात. दाणा नाचणीपेक्षाही बारीक. पीठ दोन-तीन दिवस आंबवून मोठ्या तव्यावर घालतात आणि उलटत नाहीत, म्हणून वरच्या बाजूला आंबोळीसारखी छान जाळी पडते. मी पहिला तुकडा नुसताच तोंडात टाकला. तसं करू नका. गार, लिबलिबीत, आणि आंबटपणा थेट कानशिलात जातो. दुसरा घास शिरो नावाच्या कालवणाबरोबर घेतला आणि मैत्रीण ओरडलीच, "अरे, हे तर पिठलं!" खरंच, कडधान्याचं पीठ, कांदा, लसूण आणि बेरबेरे हा त्यांचा लाल मसाला. त्या दाट, गरम शिरोबरोबर तोच आंबटपणा इतका गोड लागायला लागला की काय सांगू.

आमचा मित्र काट्याने खात होता. शेजारच्या टेबलावरच्या एक वयस्कर बाई ते बघत होत्या. त्या उठून आल्या, इंजेराचा तुकडा तोडला, त्यात मसूर गुंडाळून सरळ त्याच्या तोंडात घास भरवला. म्हणाल्या, "गुर्शा." आपल्या माणसाला हाताने घास भरवायची ही त्यांची रीत. मग आम्हीही एकमेकांना भरवलं. इतकी वर्षं एकत्र गड चढतोय, पण वाढदिवसाचा केक सोडला तर एकमेकांना कधी घास भरवला नव्हता. मित्राचे डोळे भरून आले होते, आणि ते मसुराच्या तिखटाने नव्हे.

एक सांभाळा: किटफो नावाचा पदार्थ म्हणजे कच्च्या गोमांसाचा खिमा, त्यामुळे मेन्यू नीट विचारून घ्या. आणि वेळ असेल तर जेबेना नावाच्या मातीच्या सुरईतली कॉफी जरूर प्या. पद्धत तीन फेऱ्यांची आहे, आम्हाला एकच जमली.

कारण ताट संपतच नव्हतं. वरचं सगळं खाऊन झाल्यावर खाली राहते ती डाळींचा रस प्यायलेली इंजेरा. ती सोडून उठू नका. बोर्डिंगची घोषणा झाली तेव्हा आम्ही तिघं तिचाच शेवटचा तुकडा वाटून घेत होतो.