एसी गार होत नाही म्हणून एफडी मोडायची का?

प्रश्न: सांगलीत विश्रामबागला राहतो. आठ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे, ७२ हजार किलोमीटर झालेत. एसीतून गरम हवा येते. गेल्या एप्रिलमध्ये गॅस भरला, तो दिवाळीपर्यंत टिकला. फेब्रुवारीत परत भरला, तो तीन आठवड्यांत गेला. आता गॅरेजवाल्यांनी कंप्रेसर, कंडेन्सर, कुलिंग कॉइल, ड्रायर आणि मजुरी मिळून ४२ हजारांचं एस्टिमेट दिलंय. आईला वरचेवर मिरजेला दवाखान्यात न्यावं लागतं, त्यामुळे उन्हाळा असाच काढता येणार नाही. दीड लाखाची दोन वर्षांची एफडी आहे, ७ टक्क्यांची, सात महिने राहिलेत. ती मोडू का? मेहुणे म्हणतात, अडीच लाखाला गाडी एक्स्चेंजला दे आणि साडेआठ लाखांची नवी घे.

उत्तर: मेहुण्यांचा हिशेब आधी करू, तो सोपा आहे. सहा लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलंत, तर हप्ता साधारण १२,४५५ रुपये पडतो आणि नुसतं व्याज १ लाख ४७ हजारांच्या घरात जातं. उलट ४२ हजार खर्च करून हीच गाडी आणखी तीन वर्षं वापरली, तर त्या खर्चाचे महिन्याला ११७० रुपये होतात. ‘अडीच लाखाच्या गाडीत ४२ हजार कशाला घालायचे’ असं सगळेच म्हणतात, पण गाडीची किंमत तुम्हाला विकताना मिळणार आहे आणि गारवा आजच हवाय. इंजिन, गिअरबॉक्स, पत्रा ठीक असेल तर एसीसाठी गाडी बदलू नका. वर्षभरात ती विकायचीच होती, असं असेल तर मात्र मोठा खर्च टाळा.

पण ४२ हजारही लगेच देऊ नका. तुमच्या पत्रातली खरी माहिती गॅसच्या तारखांमध्ये आहे. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून कंप्रेसर (गॅस दाबणारा पंप), कंडेन्सर (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी पुढची जाळी), एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (दाब एकदम उतरवणारी झडप), कुलिंग कॉइल (आत येणारी हवा गार करणारी) असा फिरतच राहतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी बाहेर गेला. आधी काही महिने टिकला आणि नंतर तीन आठवडेच, म्हणजे गळती वाढतेय. अशा वेळी नुसता गॅस भरत राहणं सगळ्यात महाग पडतं, कारण कंप्रेसरचं वंगण गॅसबरोबरच फिरतं. गॅस गळाला की तेलही जातं, आणि कोरडा चाललेला कंप्रेसर एक दिवस जाम होतो.

एस्टिमेटमध्ये चारही मोठे भाग एकदम आलेत, यावरून मला शंका येते की गळती नेमकी कुठे आहे हे अजून कुणी शोधलेलंच नाही. कंप्रेसर जाम होऊन त्याचा धातूचा चुरा नळ्यांत पसरला असेल, तर कंडेन्सर आणि ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारा भाग) बदलणं रास्तच आहे. पण तसं आहे का, हे विचारा. सांगली-मिरजेत फक्त कार एसीचंच काम करणाऱ्याकडे गाडी न्या आणि नायट्रोजनचा दाब भरून लीकेज टेस्ट करून घ्या. हजार-दीड हजारांचं काम आहे, आणि या सगळ्या प्रकरणात मी डोळे झाकून करीन असा खर्च तेवढाच. सांध्यातली रबरी रिंग किंवा एखादा पाइप निघाला तर काही हजारांत सुटाल. कंडेन्सर त्याहून महाग. कुलिंग कॉइल निघाली तर बहुतेक गाड्यांत डॅशबोर्ड उघडावा लागतो, तिथे मजुरी बोचते. पाइपच्या सांध्यापाशी तेलकट डाग दिसतोय का, हे तुम्हीही बॉनेट उघडून पाहू शकता. दुरुस्तीनंतर व्हॅक्यूम करूनच, म्हणजे नळ्यांतली हवा आणि ओल ओढून काढूनच गॅस भरायला सांगा, आणि कंपनीने ठरवलेल्या वजनानेच. ते बहुतेक वेळा बॉनेटखालच्या स्टिकरवर असतं. जुने भाग परत मागा.

(गॅस पुरेसा असून गाडी पळताना हवा गार आणि सिग्नलला गरम येत असेल, तर संशय कंडेन्सरच्या फॅनवर. तुमचं प्रकरण तसं वाटत नाही.)

विम्याचंही कुणीतरी सुचवेल. झिजेमुळे झालेला बिघाड साध्या पॉलिसीत बसतच नाही. खडीच्या डंपरमागून जाताना दगड लागून कंडेन्सर फुटला असेल तर तो अपघात धरता येतो, पण झीरो डेप (घसारा न कापण्याची जादा सोय) नसलेल्या आठ वर्षांच्या गाडीत धातूच्या भागावर ४० टक्के घसारा कापतात. समजा कंडेन्सर ६,५०० रुपयांचा: हातात ३,९००, त्यातून दर क्लेमला आपणच सोसायचे सक्तीचे १,००० वजा, उरले २,९००. आणि ५० टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) मिळत असेल तर तो गेला. गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा मूळ हप्ता ७ हजार धरला तर पुढच्याच वर्षी ३,५०० जास्त भराल. क्लेम करू नका.

आता एफडी. मोडू नका, तिच्यावर कर्ज काढा. बँका ठेवीच्या दरापेक्षा साधारण १ ते २ टक्के जास्त लावतात. अगदी ४० हजार लागले आणि ९ टक्के दर धरला, तर सात महिन्यांचं व्याज २,१०० होतं. तेवढ्या रकमेवर ठेव ७ टक्के कमावतच असते, म्हणून खरा जादा भार पाचशेच्या आत. मोडलीत आणि १ टक्का दंड लागला, तर दीड लाखावर सतरा महिन्यांचे २,१०० रुपये जातात, वर कमी मुदतीचा दर लागला तर आणखी. ठेव पतसंस्थेत असेल तर एक वेगळी गोष्ट ध्यानात ठेवा: बँक ठेवींना असलेलं पाच लाखांपर्यंतचं विमा संरक्षण तिथे नसतं. मुदत संपली की ती पुन्हा तिथेच ठेवायची का, याचा विचार करा.

मेहुण्यांना नाराज करायचं नसेल तर नव्या गाडीची तयारी आतापासून करा. दरमहा सात हजारांची आरडी तीन वर्षं चालवलीत की २ लाख ५२ हजार मुद्दल आणि वर व्याज जमेल. तेव्हा कर्ज काढलंत तरी ते सहा लाखांचं नसेल. आणि दरमहा सात हजार बाजूला काढणंच जड जात असेल, तर १२,४५५ चा हप्ता कसा झेपला असता, हे त्यांनाच विचारा.