बर्लिनच्या काळ्या कोटांत नागपुरी सुती साडी

ऑक्टोबरमध्ये पदव्युत्तर शिक्षणासाठी बर्लिनला निघण्यापूर्वी तुम्ही विचारले आहे की सुती साड्या, हातमागाचे कुर्ते आणि मोठे झुमके ही तुमची आवड त्या शहरात शोभेल का, की आतापासूनच नागपूरच्या सीताबर्डीवर काळ्या कपड्यांची खरेदी सुरू करावी. मी मूळची नागपूरच्याच महाल भागातली, गेली नऊ वर्षे बर्लिनमध्ये राहते. येताना मीही अशीच खरेदी केली होती आणि त्यातले निम्मे कपडे पहिल्याच वर्षी देऊन टाकले.

काळ्या रंगाबद्दल तुम्ही ऐकले ते खोटे नाही. पूर्व आणि पश्चिम बर्लिनला विभागणारी भिंत १९८९ मध्ये पडल्यावर पूर्व बर्लिनमधल्या ओस इमारतींत टेक्नो या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचे क्लब सुरू झाले आणि तिथला साधा, टिकाऊ, मळखाऊ काळा वेश हळूहळू रस्त्यावर उतरला. त्यात शहराची परिस्थितीही बेताची होती. तेव्हाचे महापौर क्लाउस वोवेराइट यांनी २००३ मध्ये बर्लिनचे वर्णन ‘गरीब, पण मादक’ असे केले होते. त्यामुळे अंगावर पैसा दाखवणे बर्लिनमध्ये गावंढळपणाचे वाटते. पहिल्या दिवशी मी कडक इस्त्रीचा कोट-पँट घालून कामावर गेले, तेव्हा स्वागतकक्षातल्या बाईंनी मुलाखतीची उमेदवार समजून मला अर्धा तास बाहेर बसवून ठेवले. अर्थात सगळे शहर एका साच्याचे नाही. कुरफ्युर्स्टेनडाम या महागड्या दुकानांच्या रस्त्यावर उंची लोकरी कोट दिसतात, तर नॉयकोल्न भागात ढगळ पँट आणि आजोबांच्या ट्रंकेतून काढल्यासारखी जॅकेटे.

रंगांची चिंता तुम्ही सोडून द्या, कारण बर्लिनमध्ये तुमच्याकडे कोणी पाहणारच नाही. हे ऐकायला सुखद वाटते, पण त्याची दुसरी बाजूही आहे. आपल्याकडे नवी साडी नेसून गल्लीतून निघाले की “कितीची पडली वं?” असे दोघी-तिघी तरी विचारतात, बर्लिनमध्ये माझ्या पहिल्या दिवाळीला मी गर्द जांभळी साडी नेसून मेट्रोने शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले आणि एकानेही मान वर केली नाही. त्या दिवशी मला बरेच वाईट वाटले होते. आता मात्र मला जे आवडते तेच मी नेसते.

खरी अडचण हवेची आहे. नोव्हेंबर ते मार्च कोट अंगावरून उतरत नाही, डिसेंबरात सूर्य चारच्या आतच मावळतो आणि बाहेर लोकांना दिसतो तो फक्त तुमचा कोट, मफलर आणि बूट. म्हणून रंगाची हौस मफलरवर भागवावी. घरे, वर्ग, गाड्या आतून गरम असतात, त्यामुळे एकच जाड स्वेटर घालण्यापेक्षा पातळ कपडे एकावर एक घालावेत. जर्मन लोक याला ‘कांद्याचे तत्त्व’ म्हणतात. नाटकाला किंवा ऑपेराला गेल्यावर कोट दारातच जमा करायचा असतो, आणि साडीला खरा वाव तिथेच मिळतो. माझी टसरची, करवतीच्या दात्यांसारख्या काठाची करवतकाठी साडी मी अशाच वेळी नेसते, घोट्याच्या वर, आत थर्मल आणि पायात सपाट बूट घालून. घसरू नये म्हणून बर्फाळ फुटपाथवर बारीक खडी टाकलेली असते; एकदा साडी नेहमीसारखी खाली सोडली, तर घरी येऊन काठातले खडे एकेक करून वेचावे लागले.

कोट नागपुरात घेऊ नका. आपल्या थंडीत तिबेटी विक्रेत्यांकडचा स्वेटर पुरतो, तिथे पुरत नाही. फ्रांकफुर्टर टोर या चौकाजवळच्या हुमाना या जुन्या कपड्यांच्या अनेक मजली दुकानात किंवा रविवारी माउअरपार्क या बागेत भरणाऱ्या जुन्या वस्तूंच्या बाजारात चांगला लोकरी कोट मिळून जातो. शिवणकाम मात्र नागपुरातच उरकून घ्या. बर्लिनमध्ये साधी उसवलेली शिवण घालून घेणेही महाग पडते, म्हणून ब्लाउज आणि कुर्त्यांना दोन्ही बाजूंनी माया सोडायला सांगा, फॉल-पिको करून घ्या आणि रंग जाणाऱ्या साड्या आधीच मिठाच्या पाण्यातून काढा. सगळे कपडे एकत्र मशीनमध्ये टाकायची सवय तिथे लवकर लागते.

झुमके सगळे आणा. लोकरी टोपीत अडकतात, म्हणून मी ते डबीत घालून पर्समध्ये ठेवते आणि आत गेल्यावर कानात घालते.