क्रिएटिनिन 2.4 असताना डाय न वापरता, मॅपिंगने सीआरटी बसवता येतं का?

येतं. सीआरटी म्हणजे हृदयाचे दोन्ही खालचे कप्पे एका वेळी आकुंचन पावावेत म्हणून बसवायचा पेसमेकर. तुमच्या वडिलांना एलबीबीबी आहे (म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूला विद्युतसंदेश उशिरा पोचतो), पंपिंग कमी आहे आणि डायने, म्हणजे एक्स-रेत शिरा दिसाव्यात म्हणून सोडायच्या औषधाने, किडनी आणखी बिघडेल ही तुमची भीती रास्त आहे. नेहमीच्या पद्धतीत डाव्या बाजूची लीड (पेसमेकरची तार) घालण्याआधी कॉरोनरी सायनसमध्ये, म्हणजे हृदयाच्या मुख्य शिरेत, डाय सोडून शिरांचं चित्र घेतात. एनसाइटसारख्या मॅपिंगमध्ये छाती-पाठीवर पॅचच्या तीन जोड्या लावतात. त्यांतून अगदी कमी विद्युतप्रवाह सोडला की कॅथेटरचं (शिरेतून हृदयात नेलेल्या बारीक नळीचं) टोक कुठे आहे ते स्क्रीनवर दिसतं.

सायनसचं तोंड सिग्नलवरून सापडतं. कॅथेटर आत शिरला की वरच्या आणि खालच्या, दोन्ही कप्प्यांचे सिग्नल येतात. नुसता खालच्या कप्प्याचा मोठा सिग्नल आला, तर कॅथेटर उजव्या खालच्या कप्प्यात घसरलाय.

पुढे 0.014 इंची वायर एकेका शिरेत घालतात. ती टोक सोडून इन्सुलेटेड हवी, नाहीतर मायक्रोकॅथेटरमधून फक्त टोक बाहेर काढायचं. उघडी वायर सगळ्या लांबीवरून सिग्नल उचलते आणि मोजमाप फसतं. वायरचं मागचं टोक क्लिपने मशीनला जोडतात आणि ईसीजीतल्या क्यूआरएसच्या (खालच्या कप्प्यांच्या लहरीच्या) सुरुवातीपासून त्या जागी सिग्नल पोचायला किती वेळ लागला ते मोजतात. 95 मिलिसेकंदांपेक्षा जास्त उशीर असलेली जागा चांगली, फक्त हृदयाच्या अगदी टोकाकडची नको. माझ्या मते मॅपिंगचा खरा फायदा हाच. डाय शीर दाखवतो, उशीर दाखवत नाही. लीड बसली की 10 व्होल्टवर पेस करून (लीडमधून ठोके देऊन) छाती-पोटामधला पडदा (डायफ्रॅम) उडतो का ते पाहायचं. चार पोलची (विद्युतटोकांची) लीड असेल तर पोल बदलून बहुतेकदा निभावतं.

अडचणीही आहेत. वायर जिथे गेली तेवढंच नकाशात येतं. न शिरलेली फांदी तिथे नसतेच. वायर शिरेतल्या झडपेपाशी अडली तर कारण दिसत नाही, आणि जोर लावला तर शीर फाटू शकते. अशा वेळी हट्ट सोडून थोडा पातळ केलेला डाय वापरलेला बरा. पॅच सैल झाला किंवा पेशंट जोरजोरात श्वास घेऊ लागला की नकाशा सरकतो. शीथ (लीड आत नेणारी नळी) चिरून काढताना लीड निसटू शकते, म्हणून तेवढ्यापुरता एक्स-रे लागतोच.

डॉक्टरांना दोन गोष्टी आधीच विचारा. लीड आत घालायला खांद्याजवळची शीर शोधताना पुष्कळदा हाताच्या सुईतून डाय देतात; ती सोनोग्राफीवर टोचता येईल का? आणि पुढे डायलिसिसची वेळ येण्याची शक्यता असेल, तर फिस्टुला (डायलिसिससाठी हातात केलेला शीर-धमनीचा जोड) कोणत्या हाताला होणार हे नेफ्रोलॉजिस्टशी ठरवून डिव्हाइस दुसऱ्या बाजूला बसवता येईल का?