वाचकांचे प्रश्न: टी-पेशीला विषाणू सापडतो कसा?

प्रश्न: मी बी.एस्सी. संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. रोगप्रतिकारक पेशी विषाणूंचा माग कसा काढतात, हे संगणकावर अभ्यासले जाते असे वाचले. पेशींच्या हालचाली संगणकाला कशा कळणार? त्यातून खरेच काही हाती लागते का, आणि आम्हाला असे काही करून पाहता येईल का?
— एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर: संगणकाला आपणहून काहीच कळत नाही. नियम आपण द्यायचे असतात आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या पेशींवरून घ्यावे लागतात. उंदराच्या अखंड लसिका ग्रंथीतील (रोगप्रतिकारक पेशी जमतात त्या गाठीतील) टी-पेशी, म्हणजे बाधित पेशी ओळखणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी, २००२च्या सुमारास प्रथमच हलताना पाहता आल्या, तेव्हा त्या मिनिटाला साधारण १० मायक्रोमीटर, म्हणजे जवळपास स्वतःच्या लांबीइतके अंतर कापतात आणि बहुतेक वेळा वाट फुटेल तिकडे जातात, असे आढळले. एखाद्या विशिष्ट विषाणूचा तुकडा ओळखणारी टी-पेशी लाखात, कधी दहा लाखांत एखादीच असते. डेंड्रायटिक पेशी नावाच्या दुसऱ्या रोगप्रतिकारक पेशी असे तुकडे ग्रंथीत आणून ठेवतात म्हणूनच ही गाठ पडते.

पुढचा शोध फुप्फुसासारख्या अवयवात घ्यायचा असतो. माळरानावर चुकलेले वासरू शोधणारा गुराखी एकच ओढा धुंडाळत बसला तर पलीकडचा माळ राहून जातो, आणि नुसता धावत सुटला तर झुडपामागचे वासरू नजरेतून निसटते. टी-पेशीपुढेही नेमका हाच पेच असतो. दाह झालेल्या ठिकाणाहून झिरपणारी केमोकाइन नावाची रसायने वासराच्या गळ्यातील घंटीसारखी, म्हणजे जवळ गेल्यावरच उपयोगी पडणारी. उंदराच्या मेंदूतील टी-पेशी पुष्कळ आखूड पावलांमध्ये मधूनच एखादी लांब मजल मारतात, असे २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. (तो संसर्ग विषाणूचा नव्हे, टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचा होता.)

हे सारे संगणकावरील प्रारूपात (मॉडेलमध्ये) उतरवताना ऊतीचे, म्हणजे अवयवातील पेशींच्या थराचे, चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनातील पेशी निरोगी, बाधित किंवा मृत असते. दर टप्प्याला विषाणू शेजारी पसरतो, टी-पेशी एक पाऊल टाकते आणि बाधित पेशी भेटल्यास तिला मारते. कोविडसाठी न्यू मेक्सिको विद्यापीठातील संशोधकांनी इतरांच्या साथीने केलेल्या ‘सिमकोव्ह’ या प्रारूपातून एक लक्षणीय गोष्ट पुढे आली: संसर्ग एकाच जागी सुरू न होता अनेक ठिकाणी विखरून सुरू झाला, तर विषाणूंची संख्या जास्त वाढते. एकाच डागाला केवळ कडेनेच पसरता येते, विखुरलेल्या अनेक डागांना मिळून कितीतरी लांब कड मिळते. अशा वेळी टी-पेशी किती लवकर आणि किती संख्येने पोहोचतात, यावर पुष्कळ काही ठरते.

हाती काही लागते का, याचे सर्वांत ठोस उत्तर मात्र चौकोनांपेक्षा जुन्या, समीकरणांच्या प्रारूपात आहे. एचआयव्हीबाधितांना वर्षानुवर्षे लक्षणे नसत, त्यामुळे त्या काळात विषाणू सुस्त असावा असा समज होता. औषध दिल्यावर रक्तातील विषाणू किती वेगाने घटतात, यावरून संशोधक डेव्हिड हो, अ‍ॅलन पेरेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५-९६मध्ये गणित मांडले आणि शरीरात रोज सुमारे १००० कोटी विषाणू तयार होतात, असा अंदाज निघाला. इतक्या वेगात एका औषधाला दाद न देणारा प्रकार उपजणारच; म्हणून अनेक औषधे एकत्र देण्याच्या उपचाराला भक्कम आधार मिळाला.

तरीही एक सावधगिरी हवी. निकाल प्रत्यक्ष मोजमापाशी जुळला म्हणून नियम खरे ठरत नाहीत, कारण दोन निरनिराळे नियमही तोच आलेख देऊ शकतात. माझ्या मते प्रारूपाचा अधिक विश्वासार्ह उपयोग एखादी कल्पना बाद करण्यासाठी होतो.

तुमच्या प्रकल्पाला महासंगणक लागणार नाही. १०० बाय १०० चौकोनांची जाळी पायथॉनमध्ये किंवा अशा प्रारूपांसाठीच्या, मोफत मिळणाऱ्या ‘नेटलोगो’ या सॉफ्टवेअरमध्ये साध्या लॅपटॉपवर चालते. केवळ टी-पेशींची चाल बदला, बाकी सर्व तसेच ठेवा, आणि यदृच्छ आकड्यांचे बीज (रँडम सीड) बदलत प्रत्येक चाल शंभर वेळा तरी चालवून सरासरीबरोबर निकालांचा पसाराही नोंदवा. जीवशास्त्र विभागातील एखाद्या प्राध्यापकांना सुरुवातीलाच सोबत घ्या. कोणता वेग वास्तवात शक्य आहे, हे तेच सांगू शकतील.